माशातला किरणोत्सर्ग नेमका मोजतात कसा? गायगर काउंटरने कळतं का?

अपर्णा_वि

नमस्कार मंडळी. एक व्हिडिओ सध्या खूप फिरतोय, त्यात एक जण ट्यूनाच्या तुकड्यावर गायगर काउंटर धरतो, काउंटर टिकटिकतो आणि तो म्हणतो बघा, फुकुशिमाचं विष अख्ख्या पॅसिफिकमध्ये पसरलंय. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक घाबरलेत आणि निम्मे म्हणतायत सगळी थाप आहे, माशात काही नसतंच. मला दोन्ही पटेना. विज्ञान मंडळाच्या अंकासाठी यावर लिहायला घेतलंय आणि जेवढं वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय, कारण एका ठिकाणी माशात किलोला १० बेक्रेल लिहिलंय, दुसरीकडे १८ हजार, तिसरीकडे 'आढळलं नाही', आणि ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात का हेच कळत नाहीये.

माशाचं मांस तपासतात, काटे तपासतात की अख्खा मासा? काउंटर धरून कळत नसेल तर मग कशाने कळतं? आणि पन्नास-साठच्या दशकात बॉम्बच्या चाचण्या झाल्या त्यांचा फॉलआउट, म्हणजे खाली पडलेली किरणोत्सर्गी धूळ, समुद्रात अजून आहेच ना, मग माशात सापडलेलं किरणोत्सर्गी सीझियम त्या बॉम्बचं की जपानच्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या २०११ च्या अपघाताचं हे कशावरून ठरवतात? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज. लांब झालं तरी चालेल.

गॅमारेषा

अपर्णाताई, मी गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीच्या लॅबमध्ये नमुने मोजायचं काम केलंय, त्यात मासे पण असायचे, म्हणून लिहितो.

तो व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. गायगर काउंटरला फक्त एवढंच कळतं की काहीतरी येऊन आदळलं, ते कुठल्या मूलद्रव्यातून आलं हे त्याला कळत नाही. समोर मासा नसला तरी तो टिकटिकतोच कारण जमिनीतनं, भिंतीतनं, आकाशातनं येणारं रेडिएशन कायम चालू असतं. शिवाय माशाच्या स्नायूत पोटॅशियम भरपूर, आणि निसर्गातल्या सगळ्याच पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० असतं, ते ताज्या मांसात किलोला साधारण शंभर बेक्रेलच्या घरात जातं. बेक्रेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. आता जपानमध्ये खायच्या माशाला सीझियमची मर्यादाच किलोला १०० बेक्रेल आहे (१ एप्रिल २०१२ पासून, त्याआधी तात्पुरती ५०० होती). म्हणजे मर्यादेवरचा मासासुद्धा हातातल्या काउंटरवर धड वेगळा दिसणार नाही, तिथे दोन-तीन बेक्रेलवाला ट्यूना कुठून दिसायचा.

लॅबमध्ये हायप्युरिटी जर्मेनियम डिटेक्टर वापरतात. जर्मेनियमचा स्फटिक लिक्विड नायट्रोजनने किंवा इलेक्ट्रिक कूलरने थंडगार ठेवतात आणि भोवती शिशाची जाड भिंत, साधारण १० सेंटिमीटरची, म्हणजे बाहेरचं रेडिएशन कमीत कमी आत यावं. हा डिटेक्टर येणाऱ्या प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा मोजतो आणि प्रत्येक समस्थानिकाची (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ ची रेषा ६६२ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), सीझियम-१३४ च्या दोन मुख्य रेषा ६०५ आणि ७९६ ला, पोटॅशियम-४० ची १४६१ ला. स्क्रीनवर कुठल्या जागी शिखर उभं राहिलं यावरून कोण आहे ते कळतं आणि शिखराखालच्या क्षेत्रफळावरून किती आहे ते.

स्वस्तातला पर्याय म्हणजे सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर, चाळणी म्हणून तो ठीक आहे, पण त्याची शिखरं रुंद असतात. हवेतल्या रेडॉनपासून बनणारं बिस्मथ-२१४ असतं त्याची रेषा ६०९ ला, म्हणजे सीझियम-१३४ च्या ६०५ ला अगदी खेटून. जर्मेनियमला या दोन स्वच्छ वेगळ्या दिसतात, सोडियम आयोडाइडला दोन्ही मिळून एकच फुगवटा दिसतो. त्यामुळे नुसत्या सोडियम आयोडाइडच्या जोरावर कोणी 'सीझियम-१३४ सापडलं' म्हणालं आणि ७९६ ची रेषा दाखवलीच नाही, तर मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही.

आता बॉम्बचं की अपघाताचं. मला या सगळ्या विषयातला हा भाग सगळ्यात आवडतो. सीझियम-१३७ दोन्हीकडून येतं, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ३० वर्षं, त्यामुळे साठच्या दशकातलं अजून शिल्लक आहे. २०११ च्या आधीही पॅसिफिकच्या पाण्यात ते घनमीटरला एक-दोन बेक्रेल होतंच. पण सीझियम-१३४ चं तसं नाही. ते थेट फिशनमधून, म्हणजे युरेनियमचा अणू दुभंगताना, जवळजवळ बनतच नाही. आधी झेनॉन-१३३ फुटून स्थिर सीझियम-१३३ तयार व्हावं लागतं आणि मग त्याने एक न्यूट्रॉन गिळावा लागतो. बॉम्बमध्ये सगळा खेळ क्षणात संपतो, एवढा वेळच नसतो. अणुभट्टीत इंधन महिनोन्महिने, वर्षानुवर्षं न्यूट्रॉन खात बसलेलं असतं म्हणून तिथे ते साठत जातं. फुकुशिमातून बाहेर पडताना दोन्ही सीझियम जवळपास एकास एक होती. आणि १३४ चं अर्धायुष्य फक्त दोन वर्षांच्या आसपास, म्हणजे चेर्नोबिलचं १३४ २०११ पर्यंत केव्हाच संपलेलं. त्यामुळे २०११ नंतर पॅसिफिकच्या माशात १३४ दिसलं तर ते फुकुशिमाचंच.

याचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे मॅडिगन, बाउमन आणि फिशर यांचा २०१२ चा पेपर. ऑगस्ट २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पकडलेले १५ ब्लूफिन ट्यूना तपासले, सरासरी सीझियम-१३४ किलोला ४.० बेक्रेल आणि १३७ किलोला ६.३. अपघाताआधीच्या ब्लूफिनमध्ये १३७ फक्त १ च्या आसपास आणि १३४ शून्य. गणित तुम्ही स्वतः करून बघा: पाच महिन्यांत १३४ थोडं घटलेलं म्हणून ४.० वरून मागे जाऊन फुकुशिमाचं १३७ साडेचारच्या आसपास येतं, त्यात जुनं १ मिळवलं की साडेपाच, आणि मोजलेलं ६.३ ± १.५. मोजणीतली अनिश्चितता धरली तर जुळतं. आणि त्याच भागात पकडलेल्या यलोफिन ट्यूनात १३४ नव्हतंच, कारण ते मासे जपानकडून आलेले नव्हते. म्हणजे पाणी पोचायच्या आधी ब्लूफिन स्वतः पोहत ते घेऊन आले होते.

आणि हो, तुमचा १० चा आकडा बहुतेक इथलाच आहे, ४ अधिक ६.३. पण तो सुकवलेल्या मांसाचा आकडा आहे! ताजं मांस सुकवलं की वजन साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे ताज्या माशात तो अडीचच्या आसपास. जपानची १०० ची मर्यादा मात्र ताज्या वजनावर. बातम्यांमध्ये हे दोन आकडे सर्रास शेजारी शेजारी ठेवतात. कुठला समस्थानिक, कुठला अवयव, ओलं वजन की सुकं, मासा कधी आणि कुठे पकडला, एवढं सोबत नसेल तर आकडा लेखात घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

खारंपाणी

वरचं सगळं बरोबर, मी अवयवांबद्दल लिहिते कारण माझं शिक्षण सागरी जीवशास्त्रातलं आणि हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचा भाऊबंद, त्यामुळे ते पोटॅशियमच्या वाटेने शरीरात शिरतं आणि स्नायूत जाऊन बसतं. म्हणून सीझियमसाठी मांस तपासतात, आणि आपण खातो तेही मांसच. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमच्या वाटेने हाडात जातं. त्यामुळे फक्त मांस तपासून 'स्ट्रॉन्शियम नाही' म्हणणं अर्धवट आहे. जे छोटे मासे काट्यांसकट खाल्ले जातात ते म्हणूनच अख्खे तपासले जातात. पोलोनियम-२१० यकृतात आणि आतड्याच्या भागात साठतं, पण ते निसर्गातलं, युरेनियमच्या साखळीतलं, त्याचा फुकुशिमाशी संबंध नाही.

समुद्रातल्या माशाच्या मांसात सीझियम आजूबाजूच्या पाण्याच्या साधारण शंभर पट असतं. ऐकायला भयंकर वाटतं पण गोड्या पाण्यातल्या माशात हे प्रमाण कितीतरी जास्त जातं. गोड्या पाण्यात पोटॅशियम कमी, म्हणून तिथला मासा मिळेल ते धरून ठेवतो आणि सीझियम पण त्यातच अडकतं. समुद्रातला हाडांचा मासा उलट सतत खारं पाणी पितो आणि जादाचे क्षार कल्ल्यांतून आणि लघवीतून बाहेर टाकत राहतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यात गेला की त्याच्यातलं सीझियम काही आठवड्यांत ते काही महिन्यांत निम्मं होतं. त्या ब्लूफिनचं पण तेच झालं, शिवाय वाटेत ते वाढले त्यामुळे तेवढंच सीझियम जास्त मांसात विभागलं गेलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, कॅलिफोर्नियाजवळच्या ब्लूफिनमधलं प्रमाण निम्म्याहून कमी झालेलं होतं.

तळाशी राहणारे मासे मात्र वेगळी गोष्ट आहे. वरच्या पाण्यातल्या माशांमध्ये सीझियम झपाट्याने उतरलं, पण गाळात आणि गाळातल्या किड्यांमध्ये अडकलेलं सीझियम तळाच्या माशांना मिळत राहिलं. फुकुशिमात जून २०१२ मध्ये प्रायोगिक मासेमारी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा दोन जातींचे ऑक्टोपस आणि एक शंखवाला प्राणी एवढंच निवडलं होतं, कारण त्यांच्यात सीझियम टिकत नव्हतं हे मोजमापात दिसलेलं. नुसतं 'फुकुशिमाचा मासा' म्हणून चालत नाही, जात बघावीच लागते.

सरळसोट

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मला सूर खटकला. प्रत्येक वेळी शेवटी 'फार कमी आहे' असंच निघतं. मे २०२३ मध्ये फुकुशिमा दाइचीच्या बंदरात पकडलेल्या काळ्या रॉकफिशमध्ये किलोला १८,००० बेक्रेल सीझियम सापडलं, हे प्लांट चालवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. मर्यादेच्या १८० पट. २०१३ मध्ये तिथल्याच बंदरात एका ग्रीनलिंगमध्ये ७ लाख ४० हजार निघालं होतं. हे का नाही कोणी सांगत? सरासरीच्या मागे असे मासे लपवले जातात असं मला वाटतं आणि लोकांचा विश्वास उडतो तो यामुळेच.

गॅमारेषा

सरळसोट, दोन्ही आकडे खरे आहेत आणि ते सांगायलाच हवेत, यात माझा काहीच वाद नाही. अपर्णाताईंचा १८ हजारवाला आकडा पण हाच. ते मासे प्लांटच्या बंधाऱ्याच्या आतले आहेत, तिथे गाळात सीझियम प्रचंड साठलंय, तिथे मासेमारी होत नाही आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळी लावलेली आहेत. पण मासा जाळीतून निसटूच शकत नाही असं मी म्हणणार नाही, रॉकफिश जानेवारी २०२२ मध्ये बाहेरच्या समुद्रातही १,४०० बेक्रेलचा सापडला होता आणि त्या जातीची विक्री लगेच थांबवली होती. म्हणून तर तिथल्या मच्छीमारांच्या संघटनेने स्वतःसाठी ५० ची मर्यादा घेतलीय, सरकारी मर्यादेच्या निम्मी. त्या लोकांचा मला मनापासून आदर वाटतो. अपघात त्यांनी केला नव्हता, तरी दर वेळी उतरवलेल्या मालाचे नमुने तपासायचं काम तेच करत राहिले.

सरासरीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माशांमधलं सीझियम समान पसरलेलं नसतं, बहुतेकांत काहीच नाही आणि एखाद्यात खूप, असंच असतं. त्यामुळे सरासरीसोबत सगळ्यात मोठा आकडा आणि किती नमुने तपासले हे दिलंच पाहिजे. पण उलट बाजूनेही तेच लागू, बंदरातला एक मासा म्हणजे पॅसिफिक नव्हे.

जुनीपानं

गायगर काउंटर माशावर धरायची पद्धत कुठून आली ते सांगतो, कारण एकेकाळी ते खरंच उपयोगी पडलं होतं.

१ मार्च १९५४, बिकिनी प्रवाळबेटावर अमेरिकेने कॅसल ब्राव्हो हा हायड्रोजन बॉम्ब फोडला, १५ मेगाटन, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. जपानची दाइगो फुकुर्यू मारू ही ट्यूनाची बोट २३ खलाशांसह तिथून बरीच लांब होती तरी तिच्यावर प्रवाळाची पांढरी राख पडली. खलाशी आजारी पडले, एक पुढे त्याच वर्षी दगावला. मग जपानने बंदरांमध्ये येणाऱ्या ट्यूनावर गायगर काउंटर फिरवायला सुरुवात केली, १० सेंटिमीटरवरून मिनिटाला १०० टिक्स आल्या की मासा बाद. वर्षअखेर तपासणी बंद केली तोवर ८५६ बोटींचा माल कमीजास्त प्रमाणात टाकून द्यावा लागला होता.

तेव्हा काउंटरने कळायचं कारण प्रमाणच तेवढं होतं. आणि सुरुवातीला राख माशाच्या कातडीवरच होती, धुतलं की बरंचसं जायचं. नंतरच्या माशांत मात्र ते आतून निघायला लागलं, यकृत, मूत्रपिंड वगैरेत जास्त आणि मांसात कमी, आणि त्यात सीझियमपेक्षा जस्त-६५ ठळक होतं. जपानने त्याच वर्षी शुनकोत्सु मारू हे जहाज पाठवून पाणी, प्लवक, मासे सगळं तपासलं. समुद्रात पडलेलं विरून जाईल असं तोवर छातीठोकपणे सांगितलं जात होतं, पण प्लवकापासून ट्यूनापर्यंत साखळीत ते सापडत गेलं. माशांच्या ऊतींमध्ये फॉलआउट मोजायची सवय जगाला इथूनच लागली असं मी मानतो.

अपर्णा_वि

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ५४ चं प्रकरण लेखात घेणार नक्की.

अजून दोन विचारते. 'आढळलं नाही' याचा अर्थ शून्य का? आणि मासा लॅबमध्ये आल्यापासून आकडा येईपर्यंत काय काय होतं ते क्रमाने कोणी सांगेल का, म्हणजे वाचणाऱ्याला डोळ्यासमोर उभं राहील. आणि २०२३ पासून फुकुशिमा प्लांटचं जे पाणी समुद्रात सोडतायत त्यातलं ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) पण याच मशीनवर दिसतं का?

गॅमारेषा

'आढळलं नाही' म्हणजे शून्य नाही, त्या मोजणीला जेवढं दिसू शकत होतं त्याच्या खाली, एवढंच. ती खालची मर्यादा शेजारी लिहिलेली पाहिजे. अर्धा तास मोजलेला नमुना आणि दोन दिवस मोजलेला नमुना दोन्हीवर 'आढळलं नाही' लिहिलं तर त्यांचा अर्थ फार वेगळा. मोजणीतली अनिश्चितता निम्मी करायची तर वेळ चौपट द्यावा लागतो, म्हणून बाजारातल्या मालाची चाचणी पटकन उरकतात आणि संशोधनातली दिवसभर किंवा त्याहून जास्त चालते.

मासा आला की आधी जात, लांबी, वजन, पकडल्याची जागा आणि तारीख लिहून घ्यायची, हे राहिलं तर पुढचं सगळं वाया. मग कातडी-काटे काढून मांस वेगळं करायचं, ओलं वजन घ्यायचं. पाटी-सुरी प्रत्येक नमुन्यामागे बदलायची किंवा धुवायची, आणि कमी संशय असलेले नमुने आधी कापायचे, नाहीतर एका घाण माशाचं सीझियम पुढच्या पाच माशांत सापडतं. प्रमाण जास्त अपेक्षित असेल तर बारीक करून तसंच ताजं मांस मारिनेली बीकरमध्ये भरतात, हा बीकर डिटेक्टरच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो आणि मांस चारी बाजूंनी येतं. कमी असेल तर फ्रीझ-ड्राय करून किंवा भट्टीत राख करून आकारमान घटवायचं. राख करताना तापमान साडेचारशे अंशाच्या वर न्यायचं नाही कारण सीझियम उडून जायला लागतं आणि मग आकडा छान कमी येतो, पण खोटा. त्याच आकाराच्या डब्यात प्रमाणित द्रावण भरून डिटेक्टरची कार्यक्षमता आधी काढलेली असते, तेवढाच वेळ रिकामा डबा मोजून पार्श्वभूमी वजा करायची, सीझियम-१३४ मधून दोन गॅमा एकदम बाहेर पडतात त्याची दुरुस्ती करायची, आणि शेवटी मासा पकडला त्या तारखेपर्यंत ऱ्हासाचं गणित मागे न्यायचं. पद्धत बरोबर चाललीय का हे बघायला आयएईए-४१४ नावाची (आयएईए म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) प्रमाणित माशाची पूड मिळते, आयरिश समुद्र आणि उत्तर समुद्रातल्या माशांची, ती अधूनमधून अनोळखी नमुन्यासारखी मोजायची. जी लॅब हे निकाल दाखवते तिच्या आकड्यावर मी भरवसा ठेवतो.

स्ट्रॉन्शियम-९० ला गॅमाच नाही, फक्त बीटा, त्यामुळे हाडांची राख विरघळवून रासायनिक पद्धतीने ते वेगळं काढायचं आणि त्यापासून यिट्रियम-९० वाढेपर्यंत दोनेक आठवडे थांबायचं. वेळखाऊ आणि महाग, म्हणून स्ट्रॉन्शियमचे आकडे नेहमी थोडेच असतात.

खारंपाणी

ट्रिटियमचं मी सांगते. त्या मशीनवर ते अजिबात दिसत नाही. त्याचा बीटा इतका दुबळा की गायगरच्या खिडकीतून सुद्धा आत जात नाही. पाणी सोडायला २४ ऑगस्ट २०२३ ला सुरुवात झाली, वर्षाला जास्तीत जास्त २२ टेराबेक्रेल (टेरा म्हणजे लाख कोटी) आणि सोडताना लिटरला १,५०० बेक्रेलच्या खाली अशी अट आहे.

माशात ट्रिटियम दोन रूपांत असतं. एक मांसातल्या पाण्यात, ते फ्रीझ-ड्राय करताना निघालेलं पाणी गोळा करून लिक्विड सिंटिलेशन काउंटरवर मोजतात, म्हणजे चमकणाऱ्या द्रवात मिसळून प्रकाशाच्या ठिणग्या मोजतात. दुसरं प्रथिनं-चरबीत बांधलेलं, त्यासाठी सुकलेलं मांस ऑक्सिजनमध्ये जाळून जे पाणी तयार होतं ते मोजावं लागतं आणि त्याला नमुना भरपूर लागतो, वेळ पण. पाण्यातलं ट्रिटियम आजूबाजूच्या समुद्राशी पटकन बरोबरी करतं. प्लांट चालवणाऱ्या कंपनीने पाणी सोडायच्या आधीपासून हिरामे (चपटे) मासे पातळ केलेल्या त्या पाण्यात वाढवले, त्यांच्यातलं ट्रिटियम टाकीच्या पाण्याइतकं चढून थांबलं आणि साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्यावर उतरलं. बांधलेलं रूप मात्र सावकाश बदलतं, त्यामुळे लेखात ट्रिटियमचा आकडा देणार असाल तर दोन्हीपैकी कुठला ते लिहा. बातम्यांतले रोजच्या झटपट चाचणीचे आकडे मांसातल्या पाण्याचे असतात.

सरळसोट

खारंपाणी, हे बांधलेल्या रूपाचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे दीर्घकाळचं बघायचं तर त्याच जागेचे, त्याच जातीचे मासे वर्षानुवर्षं जाळून मोजत राहायला पाहिजेत, बरोबर?

खारंपाणी

बरोबर. आणि सीझियमसाठी पण तेच, कारण १३४ ची खूण २०२३ पर्यंतच मूळच्या साठाव्या भागाच्या आसपास आली. ती दिसेनाशी झाली की जुनं बॉम्बचं आणि फुकुशिमाचं १३७ एकमेकांपासून वेगळं काढायला आधीच्या वर्षांची जपून ठेवलेली मोजमापं एवढंच हातात राहील. अपर्णाताई, फ्रीझरमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांबद्दल लेखात दोन ओळी टाका, २००८ चे ब्लूफिन कोणीतरी ठेवले होते म्हणून २०११ च्या माशांशी तुलना करता आली.